दिवसा अनावर झोप येणे : अनुभव, कारणे आणि तपासण्या

अबोली

नमस्कार मंडळी. रात्री झोप लागत नाही या विषयावर इथे भरपूर धागे आहेत. रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटत राहतात, त्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. कारण उघड आहे. झोप लागत नाही म्हणणाऱ्याची विचारपूस होते, झोप आवरत नाही म्हणणाऱ्याला आळशी ठरवून लोक मोकळे होतात.

मला हा त्रास कित्येक वर्षं होता. मीटिंगमध्ये टिपणं काढता काढता अक्षर बारीक होत जायचं, मग ओळ सोडून खाली घसरायचं आणि शेवटी नुसतीच एक रेघ पानाच्या कडेपर्यंत जायची. त्या वेळी मला वाटायचं, मी सगळं ऐकतेय. नंतर वही उघडली की त्या रेघेवरून कळायचं, इथे काही सेकंद मी जागी नव्हते. समोरचा बोलत असायचा, मी मान डोलवत असायचे आणि त्याचं अख्खं वाक्य माझ्यापर्यंत पोचलेलंच नसायचं. संध्याकाळी कुणाकडे जायचं म्हटलं की नको वाटायचं, कारण सोफ्यावर बसल्यावर थोड्याच वेळात मान कलणार हे ठाऊक असायचं. पुस्तक वाचणं तर सुटलंच. मुलांनी साधं काही विचारलं तरी चिडचिड व्हायची.

रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. व्यायाम वाढवा, मोबाइल कमी करा, ताण घेऊ नका, असे सल्ले मिळाले. रोज आठ तास अंथरुणात असायचे, त्यामुळे झोप कमी पडतेय असं कुणाला वाटलं नाही. मी बारीक आहे, घोरणंही फार मोठं नाही, त्यामुळे स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा विकार, कुणाच्या डोक्यात आला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी मला सोडून माझ्या नवऱ्याला विचारलं, "झोपेत यांचा श्वास थांबतो का?" तो म्हणाला, "हो, मध्येच एकदम शांत होते आणि मग दचकून श्वास घेते." इतकी वर्षं तो हे बघत होता, पण यात डॉक्टरांना सांगण्यासारखं काही आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला तर कळण्याचा प्रश्नच नव्हता, मी झोपेत होते. तपासणीत मध्यम स्वरूपाचा अ‍ॅप्निया निघाला आणि आता मी रात्री हवेच्या यंत्राचा मास्क लावून झोपते.

म्हणून हा धागा. ज्याला दिवसा झोप येते त्याला आपली झोप किती बिघडली आहे हे स्वतःला नीट कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याला, समोर बसणाऱ्याला, गाडीत बाजूला बसणाऱ्याला कळतं. तेव्हा ज्यांना त्रास आहे त्यांनी लिहाच, पण ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी तर नक्की लिहा.

एक फरक आधीच सांगते. थकवा वेगळा आणि झोप आवरत नसणं वेगळं. थकलेल्या माणसाला काही करावंसं वाटत नाही, पण तो आडवा झाला तर झोपेलच असं नाही. दुसऱ्या प्रकारात माणूस आवडीचं काम करतानाही झोपतो. रक्त कमी असणं, थायरॉइड मंद असणं, नैराश्य यांत बहुतेकदा थकवा पुढे असतो. दोन्ही एकत्र असू शकतात, पण डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "थकवा येतो" म्हटलं की तपासण्याही थकव्याच्याच होतात. "बसल्या जागी डोळा लागतो" असं स्पष्ट सांगा.

आणि एपवर्थ स्लीपिनेस स्केल ही दिवसाच्या झोपेची प्रश्नावली भरून बघा. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती मांडली. आठ प्रसंग असतात : बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभागृहासारख्या ठिकाणी स्वस्थ बसल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, मद्य न घेता जेवल्यावर शांत बसल्यावर आणि गाडी रहदारीत काही मिनिटं थांबलेली असताना. प्रत्येक ठिकाणी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण गुण २४. बेरीज १०च्या वर गेली तर डॉक्टरांशी बोलायला हवं.

पिंपळपान

विषय चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. दुपारी जेवणानंतर झोप कुणाला येत नाही? दिवसभर राबल्यावर टीव्हीसमोर डोळा लागणं हेही साहजिकच. मी कुठेही झोपू शकतो, बसमध्ये, खुर्चीत, वेटिंग रूममध्ये. उशीला डोकं टेकलं की मिनिटभरात घोरायला लागतो असं घरचे म्हणतात. मला हे निरोगी माणसाचं लक्षण वाटतं. प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायला लागलो तर माणसं उगाच धास्तावतील. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांच्याबद्दल मनापासून सहानुभूती आहे.

निशिगंध

अबोली, धाग्याबद्दल धन्यवाद. मी डॉक्टर आहे आणि झोपेच्या विकारांचेच रुग्ण बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथलं वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये, एवढी विनंती.

@पिंपळपान, दुपारची झोप नैसर्गिक आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती केवळ जेवणामुळे येते असंही नाही, जेवण टाळलेल्या माणसालाही दुपारी मरगळ येते. आपल्या जागेपणावर दोन गोष्टींचा ताबा असतो, ही मांडणी झुरिचच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेत ते उतरतं. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, जे दिवसा जागं राहायला बळ देत असतं. दुपारी हे बळ थोडं ओसरतं आणि सकाळपासून साठलेला दाब जाणवतो. कॉफी तो दाब कमी करत नाही. अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन बसतं त्या जागा ती अडवते, त्यामुळे दाबाची जाणीव तेवढी थोपते. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या कॉफीने रात्रीची झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशी आणखी कॉफी लागते. हे चक्र मी फार बघते.

पण पुरेशी झोप झालेला प्रौढ माणूस बोलता बोलता झोपत नाही, थांबलेल्या गाडीत चाकावर हात ठेवून झोपत नाही. आणि टेकल्या टेकल्या झोप लागणं याला लोक कौतुकाने "छान झोप लागते" म्हणतात, तिथे मी सावध होते. नीट झोप मिळणाऱ्या माणसाला रात्री झोप लागायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. रोजच मिनिटभरात लागत असेल तर बहुतेकदा झोप अपुरी तरी असते किंवा तुटक तरी.

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त आढळणारं कारण अगदी साधं असतं : कमी झोप. प्रौढांना किमान सात तास लागतात. सहा तासांची सवय झाली आहे असं पुष्कळ जण सांगतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांचा प्रयोग त्यांना मी नेहमी सांगते. निरोगी माणसांना १४ दिवस चार, सहा किंवा आठ तास अंथरुणात राहू दिलं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष टिकवण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आली. त्यांना विचारलं की किती झोप येते, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरात फारसा फरक पडेना. कामगिरी घसरत होती आणि त्यांना वाटत होतं आपल्याला सवय झाली. अबोली म्हणते ते हेच.

रातराणी

निशिगंध, फार चांगलं लिहिलंत. मी नर्स आहे. रात्रपाळीवाल्यांबद्दलही कुणीतरी बोला.

आमची झोप कमी पडते ती आमच्या हौसेने नाही. सकाळी घरी येऊन झोपायचं तर शरीराचं घड्याळ जागं करायला बघत असतं, चार-पाच तासांत आपोआप डोळे उघडतात. त्यात दाराची बेल, फोन. रात्री दोन वाजता झोपलेल्या माणसाला कुणी "जरा एक मिनिट" म्हणून उठवत नाही, दुपारी दोन वाजता झोपलेल्या रात्रपाळीवाल्याला उठवताना कुणाला काही वाटत नाही. माझ्या घरी हे समजायला वेळ लागला. आता खोलीला जाड पडदे आहेत, फोन बाहेर असतो आणि मी झोपलेली असताना ती माझी रात्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. औषधाचा डोस काढताना तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. आमच्याकडे त्या वेळेत महत्त्वाची औषधं दोघींनी मिळून तपासायची असा आम्हीच पाडलेला प्रघात आहे. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी : पाळीवर जाण्याआधी थोडी झोप, कॉफी फक्त पाळीच्या पहिल्या अर्ध्यात, घरी येताना गॉगल म्हणजे सकाळचा उजेड डोळ्यांत कमी जातो. आणि रात्रपाळीहून स्वतः गाडी चालवत येणं मी बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवलं, हे कळल्यापासून तर मी पाळ्यांच्या आखणीबद्दल व्यवस्थापनाशी भांडायला मागेपुढे बघत नाही.

वाटसरू

गाडीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. लांब पल्ल्याच्या मालवाहू गाड्यांवर ड्रायव्हर लावण्याचं, त्यांच्या पाळ्या ठरवण्याचं काम मी करतो.

ताशी १०० किलोमीटर वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ८० मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, कुणीही न चालवता. झोपेत गेलेला माणूस ब्रेकही मारत नाही, म्हणून असे अपघात भयंकर असतात. दारूबद्दल सगळे बोलतात. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते आणि २४ तासांनी साधारण ०.१० टक्के असल्यासारखी. पहाटे उठून, दिवसभर काम करून रात्री गाडी काढणारा प्रत्येक जण यात येतो, मग तो व्यावसायिक ड्रायव्हर असो वा सुट्टीवर निघालेलं कुटुंब.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, गप्पा मारत राहणं याने काही मिनिटं बरं वाटतं, त्यापलीकडे नाही. मागचे काही किलोमीटर आठवत नसतील, वळण हुकलं असेल, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येत असेल, तर झोप आत शिरलेली आहे. तिथेच पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं झोपायचं. कॉफीचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. तरी हा तात्पुरता उपाय आहे, त्यावर रात्र काढता येत नाही.

"डोळा लागलाच नव्हता" असं ड्रायव्हर शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नसतात. एक-दोन मिनिटांची झोप होऊन जाग आली तर माणसाला अनेकदा आपण झोपलो होतो हे कळतच नाही. म्हणून आमच्याकडे बाजूला बसणाऱ्याचं मत अंतिम असतं. तो म्हणाला थांब, की थांबायचं.

सावली

वाटसरू, शेवटचा परिच्छेद घरात वाचून दाखवला.

माझा प्रश्न मुलीबद्दल आहे. पंधरा वर्षांची आहे. सकाळी उठवताना रोज युद्ध, शाळेत पहिल्या दोन तासांना पेंगते असं बाई सांगतात, रात्री मात्र बारापर्यंत टक्क जागी. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपते. घरातले मोठे म्हणतात लाड बंद करा. हा मोबाइलचा दोष, वयाचा, की आणखी काही?

निशिगंध

सावली, बऱ्याच अंशी वयाचा. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येतच नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते आणि शाळा भल्या सकाळी. म्हणजे रोज दोन-तीन तास कापले जातात आणि सुट्टीला ते वसूल होतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली ती यासाठीच. मोबाइल या उशिरात भर घालतो, पण तो काढून घेतला म्हणून ती नऊ वाजता झोपणार नाही. सकाळी उठल्या उठल्या भरपूर उजेड, रात्री दिवे मंद आणि सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ फार तर दोन तास पुढे, याने घड्याळ हळूहळू मागे येतं. तिच्याशी भांडून काही होणार नाही, ती आळस करत नाहीये.

एक मात्र बघा. सुट्टीत सलग आठ-दहा दिवस मनासारखी झोप मिळाल्यावर ती दिवसा टवटवीत असते का? असेल तर काळजीचं कारण नाही. तरीही पेंगत असेल तर दाखवा.

लहान मुलांबद्दल जाता जाता : झोप कमी पडलेलं लहान मूल पेंगेलच असं नाही, उलट ते अतिचंचल, हट्टी होतं. तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं मूल असेल तर टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड तपासून घ्यावेत.

काजवा

मी एरवी फक्त वाचतो, पण निशिगंध यांचं "तरीही पेंगत असेल तर दाखवा" हे वाक्य वाचून लिहायला बसलो. पुरेसं झोपूनही पेंगणारा तो मुलगा मी होतो.

शाळेत असताना सुरू झालं. वर्गात झोपतो म्हणून बाकावर उभं करायचे, मी उभ्या उभ्या झोपायचो. परीक्षेत उत्तर लिहिता लिहिता स्वप्न सुरू व्हायचं आणि स्वप्नातली वाक्यं उत्तरपत्रिकेत उतरायची. पेपर परत मिळाला की लाल खुणा केलेल्या त्या ओळी माझ्याच अक्षरात असायच्या आणि त्यांचा विषयाशी काही संबंध नसायचा. मी चेष्टा करतोय असं समजून घरी बोलावणं आलं. काहींना शंका होती की मी नशा करतो.

मग दुसरी गोष्ट सुरू झाली. कुणी विनोद सांगितला आणि मनापासून हसू आलं की गुडघे सुटायचे. जबडा सैल पडायचा, बोलणं अडखळायचं, कधी सरळ खाली बसायचो. शुद्ध पूर्ण असायची, सगळं ऐकू यायचं, फक्त अंगात जोर नसायचा. काही सेकंदांत परत ठीक. फिट येते समजून फिटची औषधं चालू झाली, त्यांनी झोप आणखी वाढली. मी हसणं टाळायला लागलो. मित्र विनोद सांगायला लागले की उठून जायचो. लोकांना वाटलं घमेंडखोर झालोय.

याला नार्कोलेप्सी म्हणतात आणि हसताना स्नायू सैल पडतात त्याला कॅटाप्लेक्सी. नार्कोलेप्सी हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० मध्ये दिलं, कारण कळायला मात्र आणखी शंभरावर वर्षं गेली. ओरेक्सिन (काही जण हायपोक्रेटिन म्हणतात) हे मेंदूतलं रसायन १९९८ मध्ये सापडलं, दोन वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी. जागेपण स्थिर ठेवणं हे त्याचं काम. २००० मध्ये कळलं की कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या मारते असे भक्कम संकेत आहेत. हे वाचलं त्या दिवशी मी रडलो. माझ्या मनाचा निग्रह कमी पडत नव्हता, माझ्याकडे त्या पेशी नव्हत्या.

निदान होण्यासाठी रात्रभर झोपेची तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी. यात दिवसभर दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत डुलकी घ्यायला सांगतात, अशा चार-पाच संधी, आणि झोप लागायला किती वेळ लागतो ते मोजतात. सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी निघाली आणि किमान दोन वेळा झोप लागल्यावर पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, सुरू झाली तर नार्कोलेप्सी धरतात. एरवी माणूस रेममध्ये जायला साधारण दीड तास घेतो. माझी स्वप्नं परीक्षेच्या पेपरात कशी शिरायची ते तेव्हा उमगलं.

हा बरा होणारा आजार नाही, पण सांभाळता येतो. जागं राहण्यासाठी मी मोडाफिनिल घेतो, कॅटाप्लेक्सीसाठी वेगळी गोळी आहे. आणि दिवसातून दोनदा ठरल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं झोपतो. औषधाइतकाच त्या डुलक्यांचा आधार आहे. ऑफिसात एक छोटी खोली आहे, तिथे गजर लावून झोपतो. वरिष्ठांना डॉक्टरांचं पत्र दाखवून सगळं सांगितलं आहे. आधी भीती वाटत होती, पण लपवताना जी ओढाताण व्हायची ती संपली.

पालकांना आणि शिक्षकांना हात जोडून सांगतो, वर्गात रोज झोपणाऱ्या मुलाला एकदा विचारा, "हसताना तुझे पाय गळतात का?" मला कुणी विचारलं असतं तर माझी शाळेची वर्षं वेगळी गेली असती.

अबोली

काजवा, काय लिहू कळत नाही. इथे आल्याबद्दल आणि एवढं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

गवतफूल

औषधांचा मुद्दा राहिला. माझी झोप सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांमुळे वाढली होती. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या पिढीच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही गुंगी राहते. फार्मसीतल्या ताईंनीच सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, दिवस मोकळा झाला.

निशिगंध

गवतफूल, अगदी महत्त्वाचं. त्यात प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, काही डिप्रेशनवरची औषधं, झोपेच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामकं हीही धरा. पार्किन्सनसाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी अचानक झोप लागू शकते. मात्र यातलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका, काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

उंबर

वडील सत्तरीच्या पुढे आहेत. दिवसभर खुर्चीत डुलक्या. वयामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. बघायला हवं का?

निशिगंध

हो. वयानुसार झोप हलकी होते, दुपारी थोडी डुलकी लागते, इथपर्यंत ठीक. पण पेपर हातात असताना, जेवताना डोळा लागत असेल तर "वय झालं" हे उत्तर नव्हे. त्यांची औषधं, अ‍ॅप्निया आणि रात्री पाय अस्वस्थ होतात का, या तीन गोष्टी आधी बघा. पायांच्या अस्वस्थतेत शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासावा, हिमोग्लोबिन नीट असूनही तो कमी असू शकतो. आणि हा पेंगुळलेपणा थोड्याच दिवसांत एकाएकी वाढला असेल, सोबत गोंधळल्यासारखं बोलत असतील, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

सावली

अबोली, तो मास्क लावून झोप लागते तरी कशी? माझ्या भावाला सांगितलाय, तो कपाटात पडून आहे.

अबोली

भावाला कपाटातून काढायला सांग! सुरुवात कठीण होती हे खरं. सीपॅप म्हणजे काय तर नाकावाटे सौम्य दाबाची हवा सोडणारं यंत्र, त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते शोधलं आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिले काही दिवस मला गुदमरल्यासारखं व्हायचं. मग तंत्रज्ञांनी सुचवलं की संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी मास्क लावून बसा. त्याने भीती गेली. नाक कोरडं पडायचं, त्यासाठी यंत्रातलं पाण्याचं भांडं सुरू केलं. पहिला मास्क गालाला टोचत होता, दुसऱ्या मापाचा घेतला. पुष्कळ लोक मास्क चुकीच्या मापाचा म्हणून सोडून देतात, यंत्र वाईट म्हणून नाही.

फरक कुठे जाणवला सांगू? दुपारी फोनवर बहिणीशी बोलताना तिने सांगितलेलं सगळं मला रात्री आठवत होतं. आणि सकाळची डोकेदुखी गेली. रक्तदाबही खाली आला, कारण प्रत्येक वेळी श्वास अडकला की शरीर घाबरून जागं होतं आणि रक्तदाब उसळतो, हे रात्रभर चालू असतं. वजन जास्त असलेल्यांना ते कमी केल्याने फायदा होतो. सौम्य अ‍ॅप्नियात जबडा पुढे धरणारी दातांची पट्टीही चालते. काहींचा अ‍ॅप्निया फक्त पाठीवर झोपल्यावर होतो, त्यांना कुशीवर झोपणंही पुरतं. भावाला डॉक्टरांकडे परत जाऊन मास्क बदलून मागायला सांग.

पिंपळपान

परत आलो. एपवर्थ स्केल मी माझी भरली, ६ आले. मग बायकोला माझ्याबद्दल तीच भरायला दिली, मला न विचारता. तिने १५ दिले. "बोलताना" या रकान्यात तिने २ लिहिलेत, म्हणजे ती बोलत असताना मी झोपतो असं तिचं म्हणणं आहे आणि मला त्यातला एकही प्रसंग आठवत नाही. मुलगा म्हणाला, सिग्नलला मागून हॉर्न वाजल्यावर तुम्ही दचकता. रक्तदाबाची गोळी मला चालू आहेच. यातली कुठली बेरीज खरी धरायची? आणि तपासणीला जायचं तर तयारी काय करायची?

निशिगंध

१५ धरा. आणि तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. घोरणं, रक्तदाब आणि ही बेरीज, एवढं तपासणीला पाठवायला पुरेसं आहे.

जाण्यापूर्वी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा : अंथरुणात कधी गेलात, कधी उठलात, दिवसा डुलकी कधी लागली. डुलक्यांचा रकाना बायकोने भरायचा. सगळ्या औषधांची यादी न्या, सर्दीच्या गोळीसकट. तपासणीच्या दिवशी दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, डोक्याला तेल किंवा जेल नको, कारण टाळूवर सेन्सर चिकटवायचे असतात. तपासणीत तासाला श्वास किती वेळा अडकतो ते मोजतात, किमान दहा सेकंद अडकला तरच तो धरतात. ताशी पाचपासून अ‍ॅप्निया, पंधरापासून मध्यम, तीसपासून तीव्र. घरी नेण्याचं यंत्र मिळालं तर तेही चालेल, पण ते मेंदूच्या लहरी मोजत नाही. त्यात काही निघालं नाही आणि झोप मात्र येतच राहिली तर प्रयोगशाळेतली पूर्ण तपासणी मागा.

आणि बायकोला तुमचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, आवाजासकट. शक्यतो पहाटेचा आणि तुम्ही पाठीवर झोपलेले असताना काढा. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते आणि श्वास बहुधा तेव्हाच जास्त अडकतो, रात्री अकराच्या व्हिडिओत काही दिसेलच असं नाही.